रोटर खिशात घालून

दुसरं महायुद्ध मी वर्गात अठ्ठावीस वर्षं शिकवलं. त्यात डंकर्क यायचं, चर्चिल यायचे, लंडनवरचे बॉम्बहल्ले यायचे. मोटारीचा रोटर मात्र कधी आला नाही. पाठ्यपुस्तकातच नव्हता, मग माझ्या फळ्यावर कुठून येणार!

१९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्स पडला आणि आता आपली पाळी, असं ब्रिटनला वाटू लागलं. जर्मन सैनिक हवाई छत्र्यांनी उतरले तर काय करतील? पहिली दिसेल ती मोटार घेऊन सुटतील. म्हणून सरकारने हुकूम काढला, की गाडी उभी करून जाताना ती कुणालाही चालू करता येणार नाही असं करूनच जायचं. नुसतं दाराला कुलूप लावून भागत नव्हतं. सर्वांत सोपा आणि सरकारला मान्य असलेला उपाय म्हणजे डिस्ट्रिब्यूटरचं झाकण उघडायचं, आतला रोटर काढायचा आणि खिशात घालायचा. अंगठ्याएवढी वस्तू. इंजिन फिरताना हा रोटरही फिरतो आणि प्रत्येक प्लगला पाळीपाळीने ठिणगी पोचवतो. तोच नसेल तर चावी फिरवा, धक्का मारा, काही करा, गाडी हलत नाही. ज्यांनी हुकूम पाळला नाही त्यांना दंड झाले. साहेबलोक कचेरीत टोपी खुंटीला टांगतायत आणि खिशातून रोटर काढून टेबलावर ठेवतायत, असं चित्र मला फार गमतीचं वाटतं.

हे सगळं आत्ता उकरून काढण्याचं कारण माझा भाचा. माझ्या थोरल्या भावाची, म्हणजे आमच्या दादाची, १९७४ सालची प्रीमियर पद्मिनी आता त्याच्याकडे आहे. दादा जाऊन चार वर्षं झाली. गाडी पुण्यात सोसायटीच्या आवारात कापडाखाली उभी असते, रविवारी फिरते. गेल्या महिन्यात पलीकडच्या गल्लीतून एक जुनी फियाट रात्रीत नाहीशी झाली. आठ दिवसांनी तिची दारं आणि बॉनेट कुठेतरी सापडलं म्हणे, बाकी काही नाही. तेव्हापासून भाच्याची झोप उडाली आहे. "आत्या, जीपीएस बसवू? की सरळ कुलूपबंद शेडमध्ये टाकू?" असं त्याने विचारलं. मला गाडीतलं काय कळतं? पण प्रश्न इतिहासाचा करून टाकला की मला उत्तर शोधायला बरं पडतं. तर मंडळी, हा त्या शोधाचा वृत्तांत.

मोटार जन्मली तेव्हा तिला चोराची भीती फारशी नव्हती, कारण ती चालू करणं हेच एक दिव्य होतं. पुढे फोर्डची मॉडेल टी आली आणि ती दीड कोटी विकली गेली. १९१९ पासूनच्या मॉडेल टीच्या चाव्या किती प्रकारच्या असाव्यात? फक्त चोवीस! शिवाय कुठली चावी लागते तो क्रमांक स्विचवरच कोरलेला. म्हणजे तिजोरीवर किल्लीचा नंबर लिहून ठेवायचा आणि वर चोराला नावं ठेवायची! १९१९ मध्येच अमेरिकेत डायर कायदा झाला. चोरलेली मोटार एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेणं हा संघराज्याचा गुन्हा ठरला, कारण मोटार ही स्वतःच्या चाकांवर पळून जाणारी चोरीची पहिलीच मोठी वस्तू होती. (घोडा सोडून. पण घोडा निदान मालकाला ओळखतो.)

मधली तीस-चाळीस वर्षं मी भराभर ओलांडते, कारण खरी गोष्ट पुढे आहे. गाडी उभी केल्यावर चाकाचं सुकाणूच अडकवून टाकणारं कुलूप, म्हणजे स्टिअरिंग लॉक, १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला पश्चिम जर्मनीने सक्तीचं केलं. नव्या आणि जुन्या अशा सगळ्याच गाड्यांना. तिथे चोऱ्या चांगल्याच घटल्या आणि पुढे बरीच वर्षं खालीच राहिल्या. ब्रिटनने १९७१ पासून तेच केलं, पण फक्त नव्या गाड्यांना. रोनाल्ड क्लार्क, पॅट मेह्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटिश गृहखात्यासाठी याचा अभ्यास केला, तो १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. लंडन पोलिसांच्या हद्दीत चोरीला जाणाऱ्या गाड्यांमध्ये नव्या गाड्यांचं प्रमाण १९६९ मध्ये सुमारे २१ टक्के होतं, ते १९७३ मध्ये सुमारे ५ टक्क्यांवर आलं. वा, म्हणाल तुम्ही. पण चोर काही संन्यासी झाले नव्हते. ते जुन्या गाड्यांकडे वळले होते.

हा आकडा वाचला आणि मी चष्मा काढून बसले. शेजाऱ्याने भिंतीवर काचा लावल्या की चोर आपल्याकडे येतो, हे वाड्यात वाढलेल्या कुणालाही ठाऊक असतं. पण इथे ती भिंत काळाची होती. नवं जितकं भक्कम होत जातं तितकं जुनं उघडं पडतं. पुढे १९९८ पासून युरोपात नव्या गाड्यांना इमोबिलायझर सक्तीचा झाला. चावीतल्या चिपची ओळख पटल्याशिवाय इंजिन चालूच होत नाही. मग पुन्हा तेच. जिच्यात चिप नाही, कॉम्प्युटर नाही, दोन तारा जोडल्या की जी बिचारी सुरू होते, ती म्हातारी चोराला सोपी. आणि म्हातारीचे सुटे भाग बाजारात मिळेनासे झाले की तिचं एकेक दारही सोन्याचं होतं. त्या फियाटचं काय झालं असेल ते यावरून समजावं.

आता पाळत ठेवणाऱ्या यंत्रांकडे येऊ. १९६४ च्या 'गोल्डफिंगर' सिनेमात जेम्स बाँड खलनायकाच्या रोल्स-रॉइसमध्ये एक छोटं यंत्र लपवतो आणि स्वतःच्या अॅस्टन मार्टिन डीबी ५ मधल्या पडद्यावर ठिपका बघत स्वित्झर्लंडभर तिच्या मागावर जातो. हा सिनेमा मी यजमानांबरोबर पाहिला होता, ते ठिपक्यावर खूश आणि मी डोंगरांवर. तर त्या चित्रीकरणातली खरी अॅस्टन मार्टिन १९८६ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात फ्लोरिडातल्या एका गृहस्थांनी घेतली. जून १९९७ मध्ये बोका रॅटनच्या विमानतळावरच्या हँगरमधून ती गेली! विम्याचे सुमारे ४२ लाख डॉलर मिळाले, गाडी नाही मिळाली. २०२१ मध्ये बातम्या आल्या, की मध्यपूर्वेत कुणीतरी ती पाहिली आणि चेसिस नंबर जुळला. सिनेमात दुसऱ्याचा माग काढणारी गाडी, आणि तिचा स्वतःचा माग म्हणजे शेवटी धातूवर ठोकलेला एक नंबर.

सिनेमातला ठिपका प्रत्यक्षात यायला वीसेक वर्षं लागली. मॅसॅच्युसेट्समधल्या मेडफिल्ड गावचे माजी पोलीस आयुक्त विल्यम रेगन यांनी १९८६ मध्ये लोजॅक बाजारात आणलं. 'हायजॅक'च्या उलट लोजॅक, नावात शाब्दिक कोटी आहेच. गाडीत कुठेतरी रेडिओ प्रक्षेपक लपवलेला असतो. चोरीची तक्रार झाली की तो जागा होतो आणि पोलिसांच्या गाड्यांतली यंत्रं त्याची दिशा पकडतात. यातली हुशारी अशी, की बाहेर काहीही पाटी नाही. कुठल्या गाडीत ते आहे हे चोराला कळायला मार्गच नाही. इयन एअर्स आणि स्टीव्हन लेव्हिट या दोघांनी १९९८ मध्ये दाखवून दिलं, की ज्या शहरांत लोजॅक आलं तिथे ते न बसवलेल्यांच्याही चोऱ्या कमी झाल्या. ब्रिटनच्या स्टिअरिंग लॉकच्या अगदी उलट! दिसणारं कुलूप चोराला शेजारच्या गाडीकडे पाठवतं, न दिसणारं कुलूप शेजाऱ्यालाही राखतं. हे वाचून मला इतका आनंद झाला की मी भाच्याला रात्री साडेदहाला फोन केला. तो घाबरून म्हणाला, "आत्या, काय झालं? बरी आहेस ना?"

उपग्रहांचं जीपीएस मूळ अमेरिकन लष्कराचं. मे २००० पर्यंत सामान्यांसाठीचा संकेत मुद्दाम ढोबळ ठेवलेला असे, शंभरेक मीटरची चूक धरून चालायची. ती अट उठली आणि मग ट्रॅकर खऱ्या अर्थाने घरोघरी आले. पण त्यांचीही दुखणी आहेत. पत्र्याच्या शेडमध्ये किंवा कंटेनरमध्ये उपग्रहाचा संकेत पोचत नाही. (रेडिओवर चालणारे तिथे जास्त चिवट.) सराईत चोर संकेत दाबून टाकणारं यंत्र वापरतात, किंवा गाडी एक-दोन दिवस भलत्याच गल्लीत उभी करून ठेवतात, कुणी शोधत येतं का बघायला. बटणाएवढे ब्लूटूथ टॅग स्वस्त, पण ते आसपासच्या फोनांच्या जिवावर बोलतात. शिवाय अनोळखी माणसाबरोबर फिरू लागले की त्याच्याच फोनवर सूचना देतात, म्हणजे चोरालाही वर्दी! आणि जुन्या गाडीची खास अडचण बॅटरीची. पंधरा-पंधरा दिवस उभ्या असलेल्या गाडीतून ट्रॅकर थेंबथेंब वीज पीत राहतो आणि रविवारी सेल मारला की नुसतं टकटक. तेव्हा स्वतःची बॅटरी असलेला बरा. जुन्या ब्रिटिश गाड्यांत तर बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असे, आजची यंत्रं तिथे उलटी लावली तर जळायची. पद्मिनीला ती भीती नाही.

आता शेडचं. भाच्याच्या मनात तेच जास्त होतं, हे मला फोनवरच कळलं. २०२१ मध्ये आपल्याकडे पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातल्या गाड्यांसाठी 'व्हीए' मालिकेचे नियम आले. पण तशी नोंद केलेली गाडी रोजच्या वापरासाठी नाही, प्रदर्शनं, रॅली वगैरेंसाठी. १९७४ ची पद्मिनी त्या वयात बसते. तो म्हणाला, नोंद करतो, शेड घेतो, वर्षातून दोनदा काढतो, बाबांची आठवण सुरक्षित राहील. मला ते पटलं नाही आणि मी तसं सांगितलं. दादा या गाडीतून कंपनीत गेला, आईला दवाखान्यात नेलं, माझ्या दोन्ही मुलींना पाठवणीला नेऊन सोडलं. त्याने तिला कधी देव्हाऱ्यात ठेवली नाही. उभ्या गाडीचे रबर वाळतात, ब्रेक धरतात, टाकी आतून गंजते. चोराने नेली नाही तरी ती जाणारच, फक्त सावकाश.

माझं मत मी त्याला पत्राने कळवलं, फोनवर तो मध्ये मध्ये बोलतो. ट्रॅकर घे, पण रोजच्या मेकॅनिकखेरीज कुणाला जागा सांगू नकोस. डॅशबोर्डाला भोकं पाडू नकोस. इग्निशनच्या तारेत एक छुपा स्विच बसव. स्टिअरिंगला पिवळाधमक दांडा अडकव, दिसणारंही काहीतरी हवंच. यंत्राने गाडीची जागा दाखवली तर तू एकटा पाठलागाला जायचं नाहीस, पोलिसांना घेऊनच जायचं. फिरायला निघण्याआधी गाडीचा फोटो आणि आपण कुठे चाललोय ते इंटरनेटवर टाकायचं नाही, परत आल्यावर टाक. नवी सुरक्षित नंबरपाटी, जी महाराष्ट्रात १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांनाही सक्तीची झाली, ती लावलेली आहेच.

आणि सोसायटीत चार दिवस गाडी सोडून गावाला जाणार असशील तर रोटर काढ. टोचन करून नेणाऱ्याला तो अडवणार नाही हे मला कळतं, त्यासाठीच तर ट्रॅकर. पण चालवून नेणाऱ्याला अडवेल, आणि फुकट आहे.

भाच्याचं उत्तर आलं. ट्रॅकर मागवला आहे, शेडचा विचार तूर्त बाजूला. रोटर काढून बघितला तर जमला, पण परत बसवताना झाकणाच्या वायरींचा क्रम चुकला आणि गाडी अर्धा तास नुसती फटफट करत राहिली. झाकण उघडताना वायरी उपटायच्या नसतात, क्लिपा सोडायच्या असतात, हे आता त्याला कळलं. मी त्याला आणखी एक काम सांगितलं आहे. आरटीओत पूर्वी करत तसं, चेसिस नंबरवर कागद धरून वरून पेन्सिल घासायची आणि तो ठसा घ्यायचा. एक कागद त्याच्या कपाटात, एक माझ्याकडे. तसाच इंजिन नंबरचा. दाराच्या आत दादाने सहलीत पाडलेला पोचा आहे, त्याचाही फोटो हवा. आणि काढलेला रोटर कुठे ठेवतोस ते बायकोला सांगून ठेव, असंही लिहिलं आहे, कारण आमच्या घराण्यातले पुरुष वस्तू जपून ठेवतात आणि मग आठवडाभर शोधत बसतात.