मजकूर-फाइलींचे प्रकार (संरचित माहितीसाठी)

रकाने, नोंदी किंवा एकात एक गुंतलेली माहिती साध्या मजकुरात साठवण्याच्या ठरावीक पद्धती. अशी फाइल कोणत्याही टेक्स्ट एडिटरमध्ये उघडते आणि ती तयार करणारे सॉफ्टवेअर नाहीसे झाले तरी वाचता येते. दीर्घकाळ जपायच्या माहितीसाठी हा गुण सर्वांत मोलाचा.

तक्त्याला सीएसव्ही पुरते. स्वल्पविरामाने रकाने वेगळे करणाऱ्या या प्रकाराचे वर्णन २००५ मध्ये ‘आरएफसी ४१८०’ या दस्तऐवजात झाले. पण तोवर त्याच्या अनेक तऱ्हा रूढ झाल्या होत्या. मूल्यातच स्वल्पविराम असेल तर ते मूल्य दुहेरी अवतरणात घालावे लागते. मोठी उणीव अशी, की मूल्य संख्या आहे, तारीख आहे की नुसती अक्षरे, हे फाइल सांगत नाही. ‘मार्च१’सारखी जनुकांची नावे एक्सेल तारखा समजून बदलत असे, अखेर मानवी जनुकांच्या नामकरण समितीला अशी नावेच बदलावी लागली. खातेक्रमांकाच्या सुरुवातीची शून्येही अशीच गळतात.

माहिती बहुस्तरीय असेल तर डग्लस क्रॉकफर्ड यांनी रूढ केलेले जेसॉन निवडावे. त्यात टिपा लिहिता येत नाहीत, म्हणून हाताने बदलायच्या सेटिंग-फाइलींसाठी यॅमल किंवा टॉमल बरे. यॅमलमध्ये मात्र ओळीआधीची मोकळी जागा चुकली की अर्थ बदलतो. सलग मजकुरात खुणा करायच्या असतील, तर १९९८ मध्ये प्रमाणित झालेले एक्सएमएल आजही सरस.

देवनागरी मजकूर यूटीएफ-८ या अक्षर-संकेतनातच साठवावा. अशी सीएसव्ही एक्सेलमध्ये थेट उघडल्यास अक्षरे विस्कटू शकतात. फाइल आयात करताना यूटीएफ-८ स्वतः निवडावे.