सारवण, गेरू आणि खडिया : माळव्यातील आपल्या घरांची सजावट

इंदूरच्या बायपासपलीकडे शेताशेतांतून आता फार्महाऊस उभी राहू लागली आहेत. मालकांना आत शिरताना गावाकडचे घर आठवायला हवे असते. म्हणून भिंतीला मातीच्या रंगाचा टेक्श्चर पेंट, ओसरीत कंदील, दाराशी बैलगाडीचे चाक आणि कुठल्यातरी पाडलेल्या वाड्याची नक्षीदार चौकट. मी शासकीय नोकरीत उपयंत्री आहे, स्थापत्याची पदविका घेतलेली आहे, त्यामुळे ओळखीची मंडळी असल्या कामात फुकटचा सल्ला मागतात. एका गृहस्थांची मागणी अशी होती की भिंत सारवलेली दिसली पाहिजे, पण शेण अजिबात नको. मी त्यांना रंगाच्या दुकानाचा पत्ता दिला.

गमतीचा भाग सोडून देऊ. ज्या घरांवरून हा ‘लूक’ उचलला आहे, त्यांत आपल्या आज्या-पणज्यांची घरेही होती आणि त्या घरांत सजावट असे निराळे काम नव्हते. भिंत आणि जमीन दरवर्षी दुरुस्त करावीच लागे. त्या दुरुस्तीचा शेवटचा हात म्हणजे सजावट. खर्च जवळजवळ नव्हता, कारण सामान घरातले आणि शेतातले, आणि मजुरी बायकांची, जी कोणी कधी मोजलीच नाही.

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात मराठी फौजा माळव्यात आल्या. होळकर, शिंदे, पवार यांच्या कारभारामागोमाग कारकून, पुरोहित, शिलेदार आणि कारागीर यांची कुटुंबे इंदूर, उज्जैन, देवास, धार येथे वसली. इतिहासाच्या पुस्तकांत त्यातला राजवाडा तेवढा उरतो : खाली दगडी, वर लाकडी मजल्यांचा, १९८४ च्या आगीत होरपळलेला. पण बहुतेकांची घरे साधी होती. जोत्याला दगड, त्यावर मातीची किंवा कच्च्या विटांची भिंत, लाकडी खांब आणि वर कवेलू. एका बाबतीत या मंडळींना मुलूख सोडल्यासारखे वाटले नसावे. माळव्याचे पठारही दख्खनसारखेच काळ्या कातळाचे आणि माती तीच कपाशीची काळी. पण बांधकामाला ही माती वाईट. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. आपल्या जुन्या मराठीत शिवाराला ‘काळी’ आणि गावठाणाला ‘पांढरी’ म्हणत, त्यात हे ज्ञान आलेच. पिकायला काळी, राहायला पांढरी.

भिंतीच्या लेपाला म्हणून पांढरी किंवा पिवळी माती आणत. ती चाळायची, गव्हाचा भुसा आणि शेण घालून भिजवायची, काही दिवस मुरू द्यायची आणि पायांनी तुडवायची. भुशाच्या काड्या मातीला वाळताना तडकू देत नाहीत. आज काँक्रीटमध्ये फायबर मिसळतात त्यामागचे तत्त्व हेच. शेणातले बारीक तंतूही तेच काम करतात, शिवाय जमीन घट्ट बसते आणि धूळ उडत नाही. भिंतीवर वरून चुना. कळीचा चुना पाण्यात भिजवून गाळायचा, त्यात डिंक किंवा सरस आणि चिमूटभर नीळ. एक किलो कळीला साधारण पाच लिटर पाणी आणि नव्या भिंतीला तीन हात, हे प्रमाण आम्ही पदविकेच्या अभ्यासक्रमात पाठ केले. घरातल्या बायकांना ते पाण्यात बोट बुडवून कळायचे. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू पुन्हा चुनखडी होतो, पण भिंतीची छिद्रे बुजवत नाही. आत शिरलेली ओल वाफ होऊन बाहेर निघून जाते. मातीच्या भिंतीचे आयुष्य या एका गोष्टीवर असते.

पावसाने मारलेली भिंत पाऊस सरल्यावरच लिंपता येते, म्हणजे दसरा-दिवाळीच्या तोंडावर. उन्हाळ्याच्या आधी चैत्रात पुन्हा एक हात, आणि घरात लग्न निघाले की आणखी एक. आमच्या खात्यात वार्षिक देखभालीचे अंदाजपत्रक असते आणि त्याला मंजुरी येईपर्यंत पुढचा पावसाळा उजाडतो. घरातल्या बायकांचे अंदाजपत्रक पंचांगात होते. सण कधी टळत नाही, म्हणून दुरुस्तीही टळत नसे.

आता त्या शेवटच्या हाताकडे वळू, कारण तिथेच माळव्यात एक वेगळी गोष्ट घडली. आपल्याबरोबर आली ती रांगोळी. शिरगोळ्याची पांढरी पूड, चिमटीतून सोडलेली, सकाळी काढायची आणि दुसऱ्या दिवशी केरात जायची. इथे तिला भेटला मांडणा. मांडणा कोरडा नसतो. शेण-मातीने सारवलेल्या जमिनीवर गेरूचा पट्टा फिरवायचा आणि खडिया पाण्यात कालवून, त्यात कापसाचा बोळा किंवा चिंधी बुडवून, बोटांतून झिरपणाऱ्या धारेने रेघ ओढायची. अनामिका कुंचल्यासारखी चालते. चौक, फूल, वेल, जाळी, लक्ष्मीची पावले म्हणजे पगल्या, असे त्याचे प्रकार. दिवाळीला काढलेला मांडणा पुढच्या सारवणापर्यंत टिकतो. रांगोळी एका दिवसाची, मांडणा एका हंगामाचा.

आमच्या नात्यातल्या घरांत दोन्ही चालत आणि त्यांच्या जागा ठरलेल्या होत्या. तुळशीपुढे, उंबऱ्यापाशी रोजची रांगोळी. दिवाळीला ओसरीत मांडणा, जो बहुधा शेजारच्या माळवी बाईकडून शिकलेला. चैत्रात मात्र पुन्हा आपले चैत्रांगण : मखरातली गौर, सूर्य-चंद्र, शंख, चक्र, कमळ, गोपद्म, कासव, नाग, हत्ती, मोर, तुळशीवृंदावन, करंडा-फणी. काही घरांत एक्कावन्न चिन्हे मोजून काढत. उज्जैनच्या माझ्या आत्याकडे हे चैत्रांगण रांगोळीच्या पुडीने नव्हे तर मांडण्यासारखे ओल्या खडियाने गेरूच्या चौकात निघायचे, आणि चैत्रगौरीचा महिना संपला तरी पहिल्या पावसापर्यंत अंगणात असायचे. पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना ते चुकीचे वाटे. मला विचाराल तर आपल्या तीनशे वर्षांच्या इथल्या वास्तव्याचा एवढा चांगला दस्तऐवज दुसरा नाही. चिन्हे सह्याद्रीकडची आणि हात माळव्याचा.

अनंत चतुर्दशीला आपण गणपती पोचवून येतो आणि दुसऱ्याच दिवशी, भाद्रपद पौर्णिमेला, माळव्यात संजा बसते. सर्वपित्री अमावास्येपर्यंत सोळा दिवस कुमारिका भिंतीवर ताज्या शेणाने रोज नवी आकृती काढतात, तिला फुलांच्या पाकळ्या आणि चमकत्या पन्नीचे तुकडे चिकटवतात आणि संध्याकाळी गाणी म्हणतात. पंचमीला पाच कुंवारे, सप्तमीला सातिया म्हणजे स्वस्तिक, अष्टमीला आठ पाकळ्यांचे फूल, नवमीला डोकरा-डोकरी. शेवटच्या दिवसांत सगळ्यांना पोटात घेणारा मोठा किलाकोट. अमावास्येला शेण खरवडून पाण्यात सोडायचे. आपल्या खानदेश-विदर्भात याच पौर्णिमेला गुलाबाई-भुलाबाई बसते, तिची गाणीही सासर-माहेराचीच. त्यामुळे तिकडून आलेल्या घरांतल्या मुलींना संजा परकी वाटली नाही. खर्चाचा हिशेब करायचा तर शेण गोठ्यातले, फुले परसातली, आणि पन्नी सिगारेटच्या रिकाम्या पाकिटातली, जी मिळवण्यासाठी मुली पानवाल्याच्या दुकानाभोवती घुटमळत.

गेरूबद्दल थोडे सांगितले पाहिजे. गेरू म्हणजे लोहयुक्त माती. ऊन-पावसात तिचा रंग विटत नाही, कारण तो मुळात गंजाचाच भाऊबंद. भोपाळजवळच्या भीमबेटक्याच्या गुहांत चित्रे आहेत ती प्रामुख्याने याच लाल रंगात आणि पांढऱ्यात. त्या गुहा १९५७ साली जगापुढे आणल्या त्या डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर यांनी. नीमचला जन्मलेला आणि उज्जैनला कार्यभूमी मानलेला हा आपलाच मराठी माणूस. २००३ मध्ये युनेस्कोने भीमबेटका जागतिक वारशाच्या यादीत घातले. त्या चित्रांचा आणि आत्याच्या ओसरीचा सरळ संबंध जोडण्याचे धाडस मी करणार नाही. पण मध्य भारतात ज्याला काही रंगवायचे आहे त्याच्या हाताशी हजारो वर्षे हेच दोन रंग फुकट होते, एवढे खरे.

घरातल्या बाकी वस्तूंची गोष्ट थोडक्यात. अहिल्याबाईंनी महेश्वरला विणकर वसवले आणि महेश्वरी लुगडी घरोघर आली. ती विरली की त्यांच्या गोधड्या होत. वरखाली मऊ लुगडे, मध्ये चिंध्यांचे थर आणि कडेपासून आत फिरत जाणारा धावदोरा. काचमण्यांची तोरणे, दारावरचे मण्यांचे गणपती, पोत्याच्या तुकड्यावर लोकरीने भरलेले हरीण हे त्यामानाने अलीकडचे, रुखवतातून आलेले. त्यांतले हरीण मला कधी आवडले नाही, पण ते प्रत्येक घरात होते.

हे सगळे गेले कसे? आळसामुळे किंवा फॅशनमुळे गेले असे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. मला त्यात सिमेंटचा हात मोठा दिसतो. १९८२ पर्यंत सिमेंट पूर्णपणे सरकारी नियंत्रणात होते. घर बांधायला परमिट लागे. ते इतके दुर्मीळ होते की त्याच्या वाटपावरून त्याच वर्षी महाराष्ट्रात मुख्यमंत्र्यांना पायउतार व्हावे लागले. १९८२ मध्ये नियंत्रण अंशतः उठले आणि १९८९ मध्ये पूर्णपणे. त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत आपल्या मोहल्ल्यांतल्या ओसऱ्या कोब्याच्या आणि फरशीच्या झाल्या. त्यात वाईट काही नव्हते. ज्या बाईने चाळीस वर्षे गुडघ्यांवर बसून घर सारवले तिला फरशी हवी होती, आणि तिचे बरोबर होते. फक्त फरशीला दरवर्षी दुरुस्ती लागत नाही. दुरुस्ती थांबली, तसा तिचा शेवटचा हातही थांबला. मांडण्याला ओली, शोषून घेणारी जमीन लागते. फरशीवर खडिया धरत नाही. दुकानांत मांडण्याचे स्टिकर मिळू लागले ते यानंतर.

खरे नुकसान झाले ते जिथे जुनी मातीची भिंत ठेवून तिच्यावर नवा थर चढवला गेला तिथे. आत्याच्या घरी मी शाळेत असताना असेच काम झाले. ठेकेदाराने सगळा चुना खरवडला, मातीवर जाळी ठोकून सिमेंटचा गिलावा केला आणि वर हिरवट ऑईलपेंट. तीन-चार वर्षे भिंत तुकतुकीत दिसली. जमिनीतून चढणारी ओल पूर्वी चुन्यातून निघून जायची, ती आता आत कोंडली. मग एका श्रावणात देवघराच्या बाजूचा गिलावा पत्र्यासारखा सुटून आला आणि मागची भिंत हाताने उकरता येईल अशी चिखल झालेली निघाली. तीच संजाची भिंत होती. पुढे तो भाग उतरवावा लागला; खांब आणि चौकट जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याने नेली. आज ज्यांची मातीची घरे उज्जैन, देवास, महेश्वरकडे उभी आहेत त्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे की गिलावा करायचाच तर माती-चुन्याचा करा, रंग चुन्याचाच द्या, आणि आधी कवेलू व जोत्याभोवतीची नाली दुरुस्त करा. चौकट विकण्याआधी भिंत वाचते का, ते कुणा जाणत्या माणसाला दाखवा.

एक चांगली गोष्ट कायद्याने घडवली आहे. १ जुलै २०२२ पासून सजावटीच्या थर्माकोलवर देशभर बंदी आली. आपल्या मंडळांची मखरे वर्षानुवर्षे थर्माकोलचीच होती. त्याआधी बांबूच्या कामट्या, घोटीव कागद आणि बेगड. बंदीनंतर पुष्कळ ठिकाणी फोमशीट आणि प्लास्टिकची फुले आली, म्हणजे पुन्हा तेच. त्याऐवजी गणपतीच्या मागच्या पाटासाठी हा जुना लेप करून पाहायला हरकत नाही. प्लायवुडचा जुना तुकडा घ्यावा आणि लेप धरावा म्हणून त्यावर आधी पोते ताणून चिकटवावे. चाळलेली पिवळी माती, निम्मा बारीक भुसा, मूठ-दोन मूठ शेण आणि डिंकाचे पाणी एकत्र मळून बोटाच्या पेराच्या निम्म्याइतका थर द्यावा. सावलीत दोन-तीन दिवस वाळू द्यावा. उन्हात ठेवला तर तडकतो. वाळल्यावर शेणाचा वास राहत नाही. मग गेरूत थोडा डिंक घालून दोन हात आणि त्यावर खडियाने चौक. चौक काढायला मात्र साठीच्या पुढच्या कुणा काकूंना बोलवावे आणि मुलींना शेजारी बसवावे. सममिती पट्टीने येत नाही, मधल्या चौकटीपासून बाहेर वाढवत नेली की येते.

विसर्जनाला हा पाट पाण्यात नेऊ नये. दुसऱ्या दिवशी पौर्णिमा असते. पाट मंडळाच्या सभागृहात भिंतीला टेकवून ठेवावा आणि मोहल्ल्यातल्या मुलींना सांगावे. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या पोरींना शेण चिकटवायला भिंत मिळत नाही, ती सोळा दिवसांपुरती तरी मिळेल.