निकड

सरकारी नोकरांच्या घरांत वाढलेल्या मुलांच्या कानांवर जे काही शब्द अर्थ कळण्यापूर्वीच पडून राहतात, त्यांत 'एक्झिजन्सी' हा एक आहे. कारण वडिलांनी बहिणीच्या लग्नासाठी किंवा गावाकडच्या श्राद्धासाठी मागितलेली रजा नामंजूर होऊन आली, म्हणजे त्या नकाराचे कारण म्हणून हाच शब्द कागदावर असे. १ जानेवारी १९२२ पासून अंमलात आलेल्या मूलभूत नियमांपैकी सदुसष्टाव्या नियमात त्याचे स्थान पक्के झाले. रजा ही हक्क म्हणून मागता येत नाही आणि लोकसेवेच्या एक्झिजन्सीमुळे ती नाकारण्याचा, इतकेच नव्हे तर दिलेली परत घेण्याचा अधिकार ती मंजूर करणाऱ्याकडे राहतो, असा त्या नियमाचा आशय आहे. पुढे राज्यकारभार मराठीत येऊ लागला तेव्हा या शब्दासाठी 'निकड' हा पर्याय रूढ झाला. तो कोणी व कोणत्या विचाराने योजला असेल ते असो. परंतु इतका अचूक पर्याय कारभारी मराठीला क्वचितच लाभला आहे, असे मला वाटते, आणि ही अचूकता केवळ अर्थाची नसून दोन्ही शब्दांच्या पूर्वचरित्राची आहे.

इंग्रजी शब्दाचे मूळ लॅटिन भाषेतील 'एक्झिगेरे' या क्रियापदात आहे. त्याचा धात्वर्थ बाहेर हाकणे, आणि त्यावरून वसूल करणे, मागून घेणे, तगादा लावणे. रोमन लोक कर वसूल करणाऱ्या अंमलदारास याच धातूवरून साधलेल्या 'एक्झॅक्टॉर' या नावाने ओळखत. इंग्लंडच्या जुन्या न्यायपद्धतीतही या धातूवरून नाव पडलेला एक हुकूम होता: प्रतिवादी हजर होत नसेल तर शेरीफने लागोपाठ पाच परगणा-सभांत त्याच्या नावाचा पुकारा करावा, आणि पाचव्या पुकाऱ्यासही तो न आला तर त्यास कायद्याच्या छत्राबाहेर गेलेला ठरवावे. म्हणजे आज आपण ज्याला 'तातडीची गरज' म्हणतो, त्या शब्दाच्या पोटात मुळात गरजू माणूस नव्हताच. त्यात होता तो मागणारा, दाराशी उभा राहून पुकारणारा.

आता 'निकड' पाहावी. 'मला पैशांची निकड आहे' असे आपण म्हणतो, आणि 'सावकाराने पैशांची निकड लावली' असेही म्हणतो. पहिल्या वाक्यात ती गरज आहे, दुसऱ्यात लकडा. ज्याला हवे आहे त्याचा जीव आणि ज्याच्याकडून हवे आहे त्याचा जाच, हे दोन्ही एकाच शब्दात नांदतात. याच्या शेजारी 'नड' हा शब्द ठेवला म्हणजे भेद स्पष्ट होतो. नड ही निमूट असते. नडीला शेजारी धावून येतो, नडलेला माणूस मान खाली घालून बसतो. 'नड लावणे' असा प्रयोग मराठीत नाही. निकड लावता येते, कारण निकडीच्या मागे जोर असतो.

हा जोर आपल्या मुलुखाने शतकानुशतके अनुभवला आहे. पेशवाईत मोहिमांच्या खर्चाने दौलतीवर कर्ज चढे, तेव्हा कर्जपट्टी किंवा जास्तीपट्टी या नावाने नेहमीच्या साऱ्याहून वेगळी वसुली होत असे, आणि एरवी सवलती उपभोगणाऱ्या वतनदारांनाही तिची झळ पोचत असे. वसुली तुंबली की थकबाकीदाराच्या दारी मोहसल बसे. हा सरकारी प्यादा बाकी फिटेपर्यंत हलत नसे, आणि त्याच्या तसदीबद्दल मसाला म्हणून जी रक्कम द्यावी लागे, तीही त्या घरधन्याच्याच माथी मारली जाई. ओसरीवर तो परका माणूस बसला आहे, घरातल्या बायकांचे येणेजाणे अवघडले आहे, आणि जो दिवस उगवेल तो मूळ देण्यात भर घालणारा आहे, असे ते दृश्य आपण डोळ्यांपुढे आणावे. निकड या शब्दाला देह असता तर तो या मोहसलाचा असता.

इंग्रजी अंमलात या बसणाऱ्या प्याद्याची जागा तारखेने घेतली. १८३६ मध्ये इंदापूर तालुक्यापासून सुरू झालेल्या तीस वर्षांच्या पाहणी-आकारणीने सारा निश्चित झाला खरा, परंतु पीक हाती येऊन त्याचे पैसे होण्याची वेळ आणि हप्त्याची तारीख यांचा मेळ दरवर्षी बसतोच असे नाही. आणि तो बसला नाही की कुणब्याची पावले सावकाराच्या दुकानाकडे वळत. सरकारची निकड सावकाराच्या रोख्यावर उतरे आणि तेथून व्याजासह कुणब्याकडे परत येई. अमेरिकेतील यादवी युद्ध संपून कापसाचे भाव कोसळल्यावर, आणि त्याच सुमारास आकारणीची फेरतपासणी होऊन सारा वाढल्यावर, या साखळीचा ताण असह्य झाला. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे लोकांनी सावकारांचे रोखे व वह्या काढून जाळल्या. माणसांवर हात टाकण्यापेक्षा कागद नष्ट करण्याकडे त्यांचा रोख अधिक होता, हे त्या दंग्याचे वैशिष्ट्य. आपला जाच कोठे लिहून ठेवला आहे, हे निरक्षर कुणब्याला पक्के ठाऊक होते. चौकशी-मंडळ बसले आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी खास कायदा झाला.

त्यानंतर १८८३ आणि १८८४ सालच्या दोन कायद्यांनी तगाईची जुनी वहिवाट नव्याने बांधून देण्यात आली. तगाई हा शब्द अरबीतून, फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला. त्याचा मूळ अर्थ बळ देणे. तगादाही त्याच वाटेने आला. त्याचा अर्थ मागणे. कानाला सख्ख्या भावंडांसारखे वाटणारे हे दोन शब्द वस्तुतः एकमेकांचे कोणी नव्हेत. विहीर बांधण्यास, बियाण्यास, बैल घेण्यास सरकारने अल्प व्याजाने पैसे द्यावेत, ही त्यामागची योजना रयतेची नड ओळखणारी होती, आणि तिचे श्रेय तिला दिलेच पाहिजे. मात्र दिलेली तगाई थकली तर ती जमीनमहसुलाच्या बाकीप्रमाणे वसूल करावी, असे त्याच कायद्यांत लिहिले होते. आणि ज्या वर्षी पाऊस पडला नाही त्या वर्षी तलाठ्याच्या दप्तरात तगाई आणि सारा हे दोन्ही एकाच माणसाच्या नावापुढे बाकी म्हणून मांडलेले असत.