मोठ्या बॅटरीशेजारची शिशाची बॅटरी

जुलै 2019 मध्ये भारतात दाखल झालेल्या कोना इलेक्ट्रिक या मोटारीची जुळणी चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टै येथील ह्युंदाईच्या कारखान्यात होत असे. तिच्या तळाशी 39.2 किलोवॅट-तासांची लिथियम-आयन बॅटरी होती. तरीही बॉनेटखाली 12 व्होल्टची शिसे-आम्ल बॅटरी ठेवावीच लागली. दिवे, नियंत्रक संगणक आणि मोठी बॅटरी परिपथात जोडणारे रिले या धाकटीवरच चालतात. ती उतरली, तर थोरली काठोकाठ भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही.

ही धाकटी वयाने मात्र फार थोरली. 1859 मध्ये फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ गास्तों प्लांते याने शिशाचे दोन पत्रे एकमेकांना न टेकता गुंडाळून सौम्य सल्फ्युरिक आम्लात बुडवले. कामाचा डायनॅमो तेव्हा नव्हता. चार्जिंगसाठी त्याला साध्या रासायनिक घटांचीच वीज वापरावी लागे. पत्र्यावर क्रियाशील थर जाड व्हावा म्हणून चार्ज करणे आणि उतरवणे पुन्हा पुन्हा, दीर्घकाळ चाले. 1881 मध्ये कामीय फोर याने शिशाच्या ऑक्साइडचा लेप देऊन हा खटाटोप बराच कमी केला.

पुढच्याच वर्षी ग्लॅडस्टन आणि ट्राइब यांनी दाखवले, की बॅटरी उतरताना दोन्ही पट्ट्यांवर लेड सल्फेट तयार होते. देखभालीचे सारे शास्त्र या एका वाक्यात आहे. ताजे सल्फेट बारीक कणांचे असते व चार्जिंगने विरघळते. बॅटरी उतरलेली तशीच पडून राहिली, तर त्याचे स्फटिक मोठे होतात, आणि मग ते सहजी मोडत नाहीत. उलट अतिचार्जिंगने पाण्याचे हायड्रोजन व ऑक्सिजन होऊन पातळी घटते. म्हणूनच झाकणे उघडता येणाऱ्या बॅटरीत ऊर्ध्वपातित पाणी घालतात. आम्ल नव्हे, कारण ते उडून गेलेलेच नसते. नळाचे पाणी तर नकोच, त्यातील क्षार व लोह पट्ट्यांना बाधतात.

गंमत अशी, की एकाच गाडीतील या दोघींच्या सवयी विरुद्ध आहेत. लिथियम-आयन बॅटरीला अर्धवट भरलेल्या अवस्थेतील विश्रांती मानवते. शिशाच्या बॅटरीला तीच घातक. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल, तर धाकटीचा विश्रांतीतील व्होल्टेज पाहावा. 12.6 च्या आसपास असल्यास ती भरलेली आहे. 12 च्या खाली गेल्यास चार्जर त्याच दिवशी लावावा.