लाटेक्‌मधील सूची

लाटेक्‌मधील सूची म्हणजे लाटेक् ह्या अक्षरजुळणी-प्रणालीत दस्तऐवजाच्या शेवटी छापली जाणारी, शब्द व त्यांचे पृष्ठक्रमांक देणारी यादी होय. आरंभीच्या अनुक्रमणिकेहून ती वेगळी असते. अनुक्रमणिका प्रकरणांच्या शीर्षकांवरून आपोआप सिद्ध होते; सूचीत कोणता शब्द घ्यावा हे मात्र लेखकालाच ठरवावे लागते.

कार्यपद्धती

बीजधारिकेच्या आरंभी 'मेकइंडेक्स' ही आज्ञा देतात, मजकुरात निवडलेल्या शब्दापाशी 'इंडेक्स' आणि जेथे सूची हवी तेथे 'प्रिंटइंडेक्स'. लाटेक् नोंदी व पृष्ठक्रमांक एका साहाय्यक धारिकेत लिहिते. त्यांची क्रमवारी स्वतंत्र प्रणाली लावते व लाटेक् पुन्हा चालवल्यावर सूची छापली जाते. ही मधली पायरी राहिली, तर सूची येतच नाही किंवा जुनीच छापली जाते.

नोंदीत उद्गारचिन्हाने उपनोंद करता येते, उदा. 'इतिहास!पेशवाई', असे एकूण तीन स्तर शक्य असतात. उभ्या रेषेनंतर पृष्ठक्रमांकाची शैली किंवा 'पाहा' अशी पूरक नोंद देतात. सूचीचे बाह्यरूप शैलीधारिकेतून बदलते. व्यक्तिसूची व स्थलसूची वेगवेगळ्या हव्या असल्यास 'आयमेकआयडीएक्स' हा आज्ञासंच वापरतात.

देवनागरीचा क्रम

पेहोंग चेन ह्यांनी १९८०च्या दशकात लिहिलेली 'मेकइंडेक्स' ही रूढ क्रमवारी-प्रणाली युनिकोडपूर्व आहे. ती अक्षरे नव्हे, बाइट वाचते. यूटीएफ-८मध्ये सर्व देवनागरी अक्षरांचा पहिला बाइट एकच असल्याने अक्षरवार गट पडत नाहीत. शिवाय युनिकोडमध्ये 'ळ' हा 'ल'नंतर लगेच येतो, तर मराठी वर्णमालेत 'ह'नंतर. परिणामी 'काळ' हा शब्द 'काव्य' व 'कासव' ह्यांच्या आधी लागतो. 'क्ष' आणि 'ज्ञ' ही जोडाक्षरे अनुक्रमे 'क' व 'ज' ह्यांच्या नोंदींच्या शेवटी जातात.

ह्यावर '@' चिन्हाचा उपाय आहे. त्याच्या डावीकडे क्रमवारीपुरता पाठ व उजवीकडे छापायचा शब्द लिहितात. 'काह्ह@काळ' अशी नोंद केल्यास छापला जातो 'काळ', पण त्याची जागा 'ह'च्या नोंदींनंतर लागते. मोठ्या ग्रंथात हे प्रत्येक शब्दासाठी करणे जिकिरीचे असते आणि एखादी नोंद सुटल्यास ती भलत्याच जागी जाते. त्यामुळे भाषेनुसार नियम देता येणारी 'झिंडी' किंवा आयसीयू संग्रहावर आधारलेली 'अपमेंडेक्स' अधिक सोयीची ठरते. अपमेंडेक्सच्या शैलीधारिकेत भाषा म्हणून मराठी नमूद करता येते.