थकलेला गिअरबॉक्स आणि घाटाची वाट

पिंपरी-चिंचवड ते चाकण हा पट्टा देशातील मोटारनिर्मितीच्या प्रमुख केंद्रांपैकी एक. डिसेंबर १९९८ मध्ये बाजारात आलेली ‘इंडिका’ पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यातून बाहेर पडली, तर २००९ मध्ये फोक्सवॅगनने चाकणला आपला प्रकल्प सुरू केला. मोटारी जिथे घडतात, तिथल्याच रस्त्यांवर त्यांचे गिअरबॉक्स लवकर थकतात, हा मात्र योगायोग नव्हे. नाशिक फाट्यापासून भोसरी, मोशीमार्गे चाकणच्या तळेगाव चौकापर्यंत कामाच्या वेळेत निघालेली मोटार पहिल्या आणि दुसऱ्या गिअरमध्येच अडकून राहते. वीस किलोमीटरच्या अंतरात शेकडो वेळा क्लच दाबला जातो. शहरात ही झीज फारशी जाणवत नाही. कारण वेग कमी असतो आणि हाताला सवय झालेली असते. गणपतीला कोकणात किंवा दिवाळीला मराठवाड्यात गावी निघाल्यावर, चार-पाच तासांच्या सलग प्रवासात तीच झीज डोके वर काढते.

आधी झिजते काय, हे समजून घेतले पाहिजे. हाताने गिअर टाकताना दंतचक्रे एकमेकांत सरकतात, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वास्तविक आधुनिक गिअरबॉक्समध्ये पुढे जाण्याच्या सर्व गिअरची दंतचक्रे कायम एकमेकांत गुंतलेलीच असतात. तरफ हलवली की निवडलेले चक्र शाफ्टला कुलूपबंद होते, इतकेच. हे कुलूप बसण्यापूर्वी दोन्ही भागांचा वेग सारखा करण्याचे काम सिंक्रोनायझरची कडी करते. ती बहुधा पितळी असते आणि घर्षणावर चालते. ती झिजली की वेग जुळत नाहीत आणि कुलपाचे छोटे दाते एकमेकांवर आपटतात. गिअर टाकताना येणारा ‘खर्र’ आवाज तो हाच. शहरी वापरात सर्वांत अधिक काम दुसऱ्या गिअरला पडते, म्हणून तक्रारही बहुधा तिथूनच सुरू होते.

प्रत्येक तक्रार गिअरबॉक्सचीच असते असे नाही, आणि या गैरसमजापायी पुष्कळांचा नाहक खर्च होतो. इंजिन मंद गतीवर ठेवून क्लच पूर्ण दाबावा, तीन-चार सेकंद थांबावे आणि मग रिव्हर्स टाकावा. एवढे थांबूनही आवाज आला तर दोष बहुधा क्लचचा असतो. तो पूर्ण सुटत नसतो. न्यूट्रलमध्ये घरघर येते, पण क्लच दाबताच ती थांबते, तर गिअरबॉक्सच्या शाफ्टचे बेअरिंग संशयास्पद समजावे. उलट क्लच दाबल्यावरच आवाज येत असेल, तर क्लचचे रिलीज बेअरिंग गेलेले असते. तरफ सैल, ढिली वाटत असेल तर अनेकदा केबल किंवा तिचे बुश बदलून काम भागते. इंजिनाचे माउंट सैल झाले तरी गिअर निसटू शकतो. गिअरबॉक्स उतरवण्यापूर्वी या किरकोळ गोष्टी पाहणे शहाणपणाचे.

त्यानंतर ऑइल. लहान मोटारीच्या गिअरबॉक्समध्ये साधारण दोन ते अडीच लिटर ऑइल मावते. त्यासाठी बहुतेक मोटारींत पातळी पाहण्याची कांडी नसते. मोटार सपाट जागी उचलून बाजूचा बोल्ट काढावा लागतो, आणि हेच सर्व्हिसिंगमध्ये हमखास राहून जाते. पुढच्या चाकांच्या शाफ्टचे सील गळू लागले की पातळी नकळत उतरते. अनेक मोटारींत पाचव्या गिअरची जोडी पेटीच्या टोकाला असते; ऑइल कमी पडले की पहिला फटका तिला बसतो. म्हणून द्रुतगती मार्गावर पाचव्यात शीळ घातल्यासारखा आवाज येऊ लागला, तर चौथ्यात येऊन साठ-सत्तरच्या वेगाने पुढच्या गावापर्यंत जावे आणि पातळी तपासावी. ऑइल निवडताना उत्पादकाच्या पुस्तिकेत ‘जीएल-४’ लिहिले असेल, तर अधिक चांगले म्हणून ‘जीएल-५’ भरू नये. त्यातील गंधकयुक्त रसायने दाब सोसण्यास उत्तम, पण पितळी कड्यांना मारक ठरू शकतात. जुने ऑइल काढल्यावर चुंबकाच्या बोल्टवर बारीक राखाडी लेप दिसणे स्वाभाविक आहे; चकाकणारे तुकडे दिसले तर प्रवासाचा बेत पुढे ढकलावा.

कठीण जाणारा गिअर आणि निसटणारा गिअर या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्याबरोबर सांभाळून प्रवास करता येतो, दुसऱ्याबरोबर घाट उतरणे धोक्याचे. निसटणारा गिअर बहुधा ॲक्सिलरेटरवरून पाय काढताच तरफ न्यूट्रलला फेकतो. म्हणजे नेमका उतारावर, जेव्हा इंजिनाच्या ओढीने मोटार रोखून धरायची असते तेव्हाच. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवर आहे. बोरघाटातून खोपोलीकडे उतरताना ही उंची अवघ्या काही किलोमीटरमध्ये सरते. इंजिनाचा आधार गेला की सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात, आणि अतिशय तापल्यास पायाखालचे पेडल मऊ पडते. याच घाटातील रेल्वेमार्गावर अनावर झालेली गाडी वळवून थांबवण्यासाठी खास चढती बगल-लाइन ठेवलेली आहे. मोटारचालकाला अशी सोय क्वचितच मिळते.

त्यामुळे ही परीक्षा घरच्या रस्त्यावरच घ्यावी. भोसरी-पिंपरीतील बऱ्याच कारखान्यांना गुरुवारी साप्ताहिक सुट्टी असते. त्या दिवशी सकाळी लवकर स्पाइन रोडसारखा रुंद रस्ता तुलनेने मोकळा मिळतो. तिसऱ्या गिअरमध्ये चाळीसच्या वेगाने जाताना, मागे वाहन नाही याची खात्री करून, ॲक्सिलरेटर एकदम सोडावा, पुन्हा दाबावा. असे पाच-सहा वेळा करावे. हीच चाचणी दुसऱ्या आणि चौथ्या गिअरवर घ्यावी. तरफ एकदा जरी बाहेर आली, तरी ताम्हिणी किंवा बोरघाटाचा विचार सोडून द्यावा. तरफ हाताने दाबून धरणे किंवा तिला रबरी पट्टा बांधणे हा उपाय नव्हे. त्याने आतले फोर्क घासून बिघाड वाढतो. नाशिकचा रस्ता कोकणाच्या मानाने सौम्य खरा, पण खेड घाट आणि संगमनेरआधीचा चंदनापुरी घाट त्यावरही आहेत.

गिअर नुसता कठीण जात असेल, तर जुन्या ट्रकचालकांची ‘डबल क्लच’ पद्धत उपयोगी पडते. खालचा गिअर टाकताना क्लच दाबून तरफ न्यूट्रलला आणावी, क्लच सोडावा, ॲक्सिलरेटरने इंजिनाचा वेग किंचित वाढवावा, पुन्हा क्लच दाबून गिअर टाकावा. झिजलेल्या कडीचे काम येथे चालक करतो. वरचा गिअर टाकताना ॲक्सिलरेटर न देता न्यूट्रलमध्ये क्षणभर थांबले तरी पुरते. ज्या गिअरमध्ये घाट चढला त्याच गिअरमध्ये उतरावा, हा नियम येथे अधिक कटाक्षाने पाळावा आणि गिअर उतार सुरू होण्यापूर्वीच टाकून घ्यावा. वेग वाढल्यावर झिजलेली कडी तो स्वीकारीलच असे नाही.

तरीही उतारावर गिअर सुटलाच, तर इंजिन बंद करू नये. ब्रेकला आणि स्टिअरिंगला मिळणारी मदत इंजिनावरच अवलंबून असते. ब्रेक हलका दाबून धरत राहण्यापेक्षा लवकर आणि ठाम दाबून वेग उतरवावा, मग डबल क्लचने गिअर पुन्हा टाकावा. तो बसत नसेल तर डाव्या कडेला थांबून चाकामागे दगड लावावा. टोइंग करताना पुढच्या चाकांवर चालणारी मोटार पुढची चाके उचलूनच न्यावी.

दुरुस्तीत एकटी पितळी कडी बदलून काही शे रुपये वाचवण्याचा मोह टाळलेला बरा. तिच्यासोबतचे कुलपाचे दातेही झिजलेले असतील, तर नवी कडी लवकरच पूर्वस्थितीला येते. भंगारातील तयार गिअरबॉक्स स्वस्त पडतो. मात्र बाहेरून हुबेहूब दिसणाऱ्या दोन पेट्यांमध्ये शेवटच्या चक्रांचे गुणोत्तर वेगळे असू शकते. तसे झाल्यास चढावर दम कमी पडतो किंवा इंजिन नेहमीपेक्षा वेगाने फिरते, आणि काही मोटारींत वेगाचा काटाही चुकीचा आकडा दाखवतो. खरेदीपूर्वी पेटीवरचा क्रमांक पडताळून घ्यावा. नव्याने बांधलेली पेटी पहिले पाचशे किलोमीटर सांभाळून चालवावी आणि त्यानंतर ऑइल एकदा बदलावे.