ओटीपोटाचे दुखणे आणि उसाचा पट्टा

बेंबीच्या खाली, ओटीपोटात आणि कंबरेत सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ राहणाऱ्या दुखण्याला वैद्यक ओटीपोटाची जुनाट वेदना म्हणते. घरात तिला ‘पाळीचा त्रास’ किंवा ‘कंबर धरणे’ म्हणतात आणि बहुधा तेवढ्यावरच विषय संपतो. शास्त्राने मात्र ती फार पूर्वी ओळखली होती. चरकसंहितेत योनीच्या वीस व्यापदा, म्हणजे विकार, सांगितल्या आहेत. त्यांतल्या ‘उदावर्तिनी’त पाळीच्या वेळी असह्य कळ येते आणि रक्त वाहू लागले की ती ओसरते, असे वर्णन आहे. पण पुरुष वैद्याकडून तपासून घेण्याचा संकोच इतका होता की ग्रंथातले हे ज्ञान स्त्रीपर्यंत क्वचितच पोहोचे. 1886 मध्ये मुंबईत कामा रुग्णालय सुरू झाले आणि स्त्री डॉक्टरांनी स्त्रियांना तपासायची सोय झाली. खेड्यांत मात्र सुईण होती, आणि तिचे काम मुख्यतः बाळंतपणाचे.

अशाच खेड्यांपैकी नातेपुते हे माळशिरस तालुक्यातले, पंढरपूरच्या पालखी मार्गावरचे गाव. नीरा उजव्या कालव्याचे पाणी आल्यावर हा तालुका उसाचा झाला. 1930 च्या दशकात माळीनगरला सासवड माळी साखर कारखाना उभा राहिला, पुढे अकलूज आणि सदाशिवनगरला सहकारी कारखाने आले. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, आणि मुकादमाकडून घेतलेली उचल फेडेपर्यंत सुटका नाही. बाई पहाटे फडात जाते, मोळ्या वाहते, पाळीतही थांबत नाही; खाडा पडला की पैसे कापले जातात. पालाच्या कोपीजवळ ना न्हाणीघर, ना पुरेसे पाणी. लघवी तुंबवणे, जड ओझे, बाळंतपणानंतर अपुरी विश्रांती, उपचाराविना राहिलेला जंतुसंसर्ग, या सगळ्यांतून दुखणे घर करते. मात्र गाळप संपून गावी परतेपर्यंत ते अंगावरच काढले जाते. दुखणे सुरू होते एका जिल्ह्यात आणि त्याची कथा सांगावी लागते दुसऱ्या जिल्ह्यात, जिथल्या डॉक्टरांनी तो फड कधी पाहिलेला नसतो.

न विचारलेल्या या दुखण्याचा पहिला मोठा हिशेब गडचिरोलीत झाला. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन खेड्यांतल्या 650 स्त्रियांना तपासले. ते निष्कर्ष 1989 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. 92 टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग होते, आणि पूर्वी कधी तशी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम 8 टक्के. तोवर ग्रामीण स्त्रीचे आरोग्य म्हणजे गरोदरपण आणि कुटुंबनियोजन एवढाच सरकारी अर्थ होता. या अभ्यासाने तो मोडला, आणि त्याचे मोल आजही पुरेसे ओळखले गेलेले नाही.

टोळ्या जिथून येतात त्या मराठवाड्यातल्या बीडमध्ये या दुखण्याला वेगळेच उत्तर मिळाले. ‘पिशवी काढून टाका’ हा सल्ला इतका सरसकट झाला की 2019 मध्ये आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली. जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. म्हणजे साधारण सहांतून एकीची. कर्करोगाची भीती, वारंवार येण्याचा खर्च आणि बुडणारी मजुरी यांमुळे हा निर्णय पुढे ढकलला जाण्याऐवजी लवकर उरकला गेला. वेदनेचे मूळ मूत्राशयात, आतड्यात, पोटाच्या स्नायूंत किंवा मज्जातंतूंत असेल तर पिशवी काढूनही ती राहते. सोबत दोन्ही अंडाशयेही काढली तर ऐन तारुण्यात रजोनिवृत्ती येते आणि हाडे ठिसूळ होऊ लागतात.

निदानाची खरी वाट संथ आहे. दुखणे पाळीबरोबर वाढते का, संबंधाच्या वेळी होते का, लघवी-शौचाशी जोडलेले आहे का, ओझे उचलल्यावर बळावते का, हे आधी विचारावे लागते. हिंसेचा अनुभव आहे का, हेही एकांतात, विश्वासाने. मग पोट एका बोटाने चाचपायचे. आडवे पडून डोके उचलल्यावर दुखरी जागा अधिक दुखली, तर दोष पोटाच्या भिंतीत असण्याची शक्यता वाढते. आतली तपासणी, लघवीची तपासणी, गरोदरपणाची चाचणी आणि सोनोग्राफी त्यानंतर. सोनोग्राफी स्वच्छ आली म्हणून एंडोमेट्रिओसिस नाही असे ठरत नाही. गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती बाहेर रुजण्याचा हा आजार अनेकदा दुर्बिणीतूनच दिसतो. आपल्याकडे जननेंद्रियांच्या क्षयरोगाचाही विचार करावा लागतो, विशेषतः मूल होत नसेल तर. एकाच बाईत दोन-तीन कारणे एकत्र असणे नेहमीचेच.

2022 मध्ये केंद्राने अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि एप्रिल 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तीन महिन्यांत लागू करण्याचे आदेश राज्यांना दिले. बीडमध्ये टोळ्या निघण्यापूर्वी आणि परतल्यावर स्त्रियांची तपासणी होऊ लागली आहे. मधले पाच-सहा महिने मात्र त्या उसाच्या फडांतच असतात, माळशिरससारख्या तालुक्यांत.